आंब्याला जामीन

आमच्या वस्तीवरच्या आंब्याला तीन वर्षं मोहोर आला नाही, तेव्हा धाकट्या भाऊजींनी तो तोडून तिथं ट्रॅक्टरची शेड बांधायचं ठरवलं. त्यांनी जागा मापली, पत्र्यांचा भाव काढला, वेल्डरला विचारून ठेवलं आणि सगळं झाल्यावर एका सकाळी चहाच्या वेळी आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे सासरे, ऐंशीच्या पुढचे. एरवी त्यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण आंब्याचं नाव काढलं की कुजबुजही ऐकू येते.

"झाड ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

"आबा, तीन वर्सं झाली. एक कैरी न्हाय. नुसता पाला."

"मी तरी काय देतोय? नुसता चहा पितोय. मलाबी तोडा."

ते हसतच बोलले होते, पण नंतर त्यांनी बिस्किट घेतलं नाही. माझे यजमान पेपरात शिरले. भाऊजी बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिले, चहा थंड झालेला असूनही.

घरात असं काही अडलं की पुढचं काम काय, हे मलाच विचारावं लागतं. फ्रीजच्या दारावर माझी आठवड्याची यादी लावलेली असते. त्यात 'ट्रॅक्टर शेड : निर्णय' ही ओळ मी आधीच लिहिली होती आणि आठवडा संपायच्या आत ती खोडली गेली नाही तर मला चैन पडत नाही. म्हणून मी आबांना सरळ विचारलं, "मोहोर यायला काय करावं लागंल?"

"भ्या दाखवायचं," आबा म्हणाले. "झाड माजलंय."

हा प्रकार मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकून होते, पाहिलेला नव्हता. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, मोहोर फुटायच्या आधी, घरातला माणूस कुऱ्हाड घेऊन न फळणाऱ्या झाडापाशी जातो आणि मोठ्यानं सांगतो, आज ह्याला तोडणार. दुसरा विचारतो, का बाबा? पहिला म्हणतो, फळ देत न्हाय. मग तिसरा, घराबाहेरचा माणूस, मध्ये पडतो : यंदाच्या साली सोड, फळ देईल, मी जामीन हाय. कुऱ्हाडीचं पातं सालीला तीनदा नुसतं टेकवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. झाड घाबरतं आणि फळतं.

भाऊजींनी थोडा विचार केला आणि हे मान्य केलं. झाड घाबरणार नाही याची त्यांना खात्री होती. "होळीपतूर मोहोर आला तर झाड तुमचं, न्हाय आला तर शेड माझी," ते म्हणाले. आबा म्हणाले, "चालंल." मी ती ओळ खोडली आणि खाली नवी यादी केली. नारळ, हळदकुंकू, कुऱ्हाड, जामीनदार.

नारळ, हळदकुंकू आणि कुऱ्हाड घरातच होतं. जामीनदार मिळेना.

आमच्याकडं जामीन हा शब्द निघाला की बसलेला माणूस चपला शोधायला लागतो. सोसायटी, पतसंस्था, बँक, कुठं ना कुठं प्रत्येकानं कुणासाठी तरी सही केलेली असते आणि त्याची आठवण काढायची नसते. मी फोन करून एकेकाला विचारलं. एकजण म्हणाला, "वैनी, झाडाला पाणी घालतो, खत घालतो, जामीन तेवढा नको." दुसऱ्यानं सही कुठं करायची ते विचारलं. सही लागत नाही म्हटल्यावर तो जास्तच घाबरला. "बिनसहीचा जामीन? त्यातनं तर माणूस सुटतच न्हाय!" तिसऱ्याच्या बायकोनं फोन घेतला आणि ते बारामतीला दवाखान्यात गेलेत म्हणून सांगितलं. कुठल्या दवाखान्यात, असं मी काळजीनं विचारलं, तर मागून तेच तिला नाव सुचवत होते.

शेवटी शेजारच्या वस्तीवरचे तात्या कबूल झाले. तात्यांचा जन्म साखर कारखान्यात रस शिजवायच्या पॅनवर गेला. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, त्यामुळं त्यांना हे काम आवडलं. मात्र कर्जदाराची पाहणी केल्याशिवाय जामीन राहणार नाही, असं त्यांनी कळवलं. रविवारी ते धुतलेली टोपी घालून आले, झाडाभोवती फिरले, खोडावर थाप मारली, पान चुरगाळून वास घेतला.

"तब्येत तर झकास हाय," तात्या म्हणाले. "मग देत का न्हाय काही?"

"देतंय की," माझी मुलगी म्हणाली. "तुम्हाला हवं ते देत नाही, एवढंच."

माझी मुलगी बारामतीला शेतीच्या कॉलेजात शिकते. फळझाडं स्वतःला वाचवायला कोणती रसायनं बनवतात आणि कशी, हा तिच्या अभ्यासाचा विषय आहे. दर रविवारी घरी आली की ती जेवताना हेच सांगते आणि मी तिला भाजी वाढत राहते. त्या दिवशी तिला पहिल्यांदाच ऐकणारी माणसं मिळाली.

तिनं सांगितलं ते असं. पान उन्हात साखर तयार करतं. तीच साखर मोडून, जोडून झाड बाकीचं सगळं घडवतं. झाडाला जागचं हलता येत नाही. शेळी आली तर आत जाऊन कडी लावता येत नाही. म्हणून ते रसायनं करून ठेवतं. कोवळ्या पानात आणि कच्च्या फळात टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, जीभ ओढल्यासारखी होते आणि खाणारा दुसरा घास घेत नाही. बी तयार झालं की फळ हा बंदोबस्त आवरतं घेतं आणि गोड होतं. आंब्याच्या सालीखाली बारीक नळ्या असतात. त्यांच्या कडेच्या पेशी तेलकट, जळजळीत चीक बनवून नळीत सोडतात आणि झाडाच्या स्वतःच्या अंगाला तो लागू देत नाहीत. नळी फुटली की चीक बाहेर.

"आणि ह्या सगळ्याला साखर लागते," मुलगी म्हणाली. "फळाला तीच, चिकाला तीच."

"म्हंजे कारखानाच म्हण की," तात्या म्हणाले. "एकाच उसाची साखर काढा, न्हायतर स्पिरिट काढा. हितं साखर बंद ठेवलीय आन् डिस्टिलरी जोरात चाललीय."

"साधारण तसंच."

"चेअरमन बदलाया पायजे," म्हणत तात्यांनी खोडाकडं रोखून बघितलं.

भाऊजी खोडापाशी आले. त्यांनी विचारलं, "मला एक सांग पोरी. ह्या झाडाला धमकी कळती का?"

"बोललेलं नाही कळत, काका. घाव कळतो. जखम झाली की तिथल्या पेशींच्या पडद्यातल्या चरबीपासून निरोपाचं एक रसायन तयार होतं. ते आत पसरतं आणि लांबच्या पानांनाही सांगतं, तयारीला लागा. थोडा वास हवेत सुटतो, शेजारची झाडंसुद्धा सावध होऊ शकतात."

"म्हंजे पातं नुसतं टेकवून भागत न्हाय."

"टेकवलेलं त्याला कळणारच नाही."

"बघा आबा," भाऊजी म्हणाले. "शास्त्र काय म्हणतंय बघा."

मी यादीत 'कुऱ्हाडीला धार' असं लिहिलेलं होतं ते आबांनी आदल्याच दिवशी खोडायला लावलं होतं. भाऊजींनी त्या दुपारी धार लावून आणली.

अमावास्येला सकाळी आम्ही सगळे आंब्याखाली जमलो. मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. भाऊजी कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढं झाले आणि ओरडले, "आज ह्याला तोडणार!" माझ्या यजमानांनी ठरल्याप्रमाणं विचारलं, "का बाबा?" पण ते इतकं हळू विचारलं की आबा म्हणाले, "मोठ्यानं, झाडाला ऐकू गेलं पायजे." त्यांनी पुन्हा विचारलं. भाऊजी म्हणाले, "फळ देत न्हाय!" आता तात्यांनी मध्ये पडायचं होतं. तात्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि सुरुवात केली, "उपस्थित बंधू-भगिनींनो..."

भाऊजींनी वाट बघितली नाही. खालच्या जाड फांदीवर त्यांनी कचाकच तीन घाव घातले. सालीचे तुकडे उडाले, सगळीकडं कच्च्या कैरीसारखा आणि टर्पेंटाइनसारखा वास सुटला. भाऊजींनी चिकानं भरलेल्या हातानं घाम पुसला, मग मिशी पुसली, मग दुसऱ्या हातानं पुन्हा कपाळ पुसलं. आबा "आरं टेकवायची, टेकवायची!" म्हणून ओरडत होते. तेवढ्यात मागं न बघता घरी जायचं आहे हे कुणाला तरी आठवलं आणि आम्ही सगळे पळत निघालो. तात्यांचं वाक्य राहूनच गेलं होतं. ते पळता पळता, मागं न बघता, पुढच्या उसाकडं तोंड करून ओरडत होते, "मी जामीन हाय! मी जामीन हाय!"

तिसऱ्या दिवशी भाऊजींचा चेहरा सुजला. पापण्या फुगल्या, ओठ दुप्पट झाले, कपाळावर लाल चट्टे आले आणि मिशी नाकापासून लांब गेल्यासारखी दिसायला लागली. बारामतीच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "आंब्याचा चीक लागलाय का?" त्यांनी मलम आणि गोळ्या दिल्या. मुलीनं फोनवर समजावलं की चिकातलं तेलकट द्रव्य कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, मग शरीर आपलीच कातडी परकी समजून तिच्यावर धावून जातं. म्हणून लगेच काही दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतं. सगळ्यांना होतं असंही नाही. काजूच्या टरफलात आणि बिब्ब्यातही असंच तेल असतं, कारण आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले.

मी हे आबांना मोठ्या आवाजात सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजे ह्यानं तोडायची धमकी दिली आन् त्यानं लगेच उत्तर दिलं. बरोबर का न्हाय?"

"तसंच काही नाही आबा. त्या नळ्या आधीपासूनच भरलेल्या असतात."

"म्हंजे तयारीतच होतं म्हण की," आबा म्हणाले आणि त्या दिवशी दोन बिस्किटं खाल्ली.

भाऊजी मात्र इरेला पेटले. होळीची वाट न बघता त्यांनी माळेगावच्या बाजूच्या एका कटरवाल्याला बोलावलं. तो मशीन घेऊन आला, तेव्हा भाऊजी ओट्यावर बसलेले होते. कटरवाल्यानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग झाडाकडं, मग फांदीवरच्या काळ्या पडलेल्या घावांकडं.

"दादा, तोंडाला काय झालंय?"

"काय न्हाय, जरा चीक उडालाय."

"ह्याच झाडाचा?"

"व्हय."

"तीन घावाला एवढं?" कटरवाल्यानं मशीन पुन्हा गाडीवर बांधायला घेतलं. "आख्ख्या झाडाला माझं काय हुईल? मला पुढल्या महिन्यात पोरगी बघायला जायाचंय."

तोपर्यंत तात्या बांधावरून धावत आले होते. जामीन राहिल्यापासून ते रोज सकाळी "आमचा कर्जदार कसा हाय?" म्हणत चक्कर मारायचे. त्यांनी गाडीसमोर हात आडवे केले. गाडी परत जायलाच निघाली होती हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "मुदत संपायच्या आत वसुली? कुठल्या कायद्यात बसतं हे? मी जामीनदार जिवंत हाय आजून!"

त्याच आठवड्यात भाऊजींचा वाढदिवस होता. आमच्याकडं वाढदिवस म्हणजे फ्लेक्स, आणि फ्लेक्स म्हणजे नवा फोटो. जुनाच फोटो लावू, असं मी सुचवलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तोच फोटो चार वर्सं झाला. लोक म्हणायला लागलेत, ह्यो माणूस हाय का गेला?" सूज आता उतरली आहे, असंही ते म्हणाले. घरात कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. फोटो निघाला. फ्लेक्सवाल्या पोरांनी कॉम्प्युटरवर चट्टे घालवले आणि कातडी गोरी केली. सूज घालवायचं त्यांना जमलं नाही. आमच्या गावच्या, कळंबच्या चौकात फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर गुलाबी, भरलेल्या गालांचा, जवळजवळ मिटलेल्या डोळ्यांचा एक प्रसन्न माणूस होता. दिवसभरात मला बऱ्याच जणांनी विचारलं की भाऊजींचं नाव टाकलंय, पण फोटो कुणाचा? एकानं तर तो पाहुण्यांतला कुणी मोठा माणूस असावा असं धरून हात जोडले.

पौष गेला. माघ संपत आला. आजूबाजूच्या आंब्यांना बाजरीएवढ्या कैऱ्या दिसायला लागल्या. आमच्या आंब्याला पाला होता. आबा सकाळी खुर्ची घेऊन झाडाखाली जायचे आणि जेवायला बोलावलं तरच उठायचे. घावांवर त्यांनी माती लिंपायला घेतली होती, मुलीनं ती काढायला लावली. झाड स्वतःच कडेनं नवी साल धरतं, असं ती म्हणाली. आबांनी ऐकलं, पण रोज बोटानं ती कड चाचपून बघायचे.

एके दिवशी मी त्यांना ताक द्यायला गेले, तर म्हणाले, "सूनबाई, तुझ्या यादीत एक लिवून ठेव. शेड झाली की माझी खाट तिथंच टाका. जागा तरी तीच ऱ्हाईल."

मी हो म्हटलं. त्या आठवड्याच्या यादीत गव्हाची पोती, लाईटबिल आणि होळीच्या गोवऱ्या होत्या. खाट मी लिहिली नाही.

होळीला थोडे दिवस राहिले असताना सकाळी सकाळी तात्यांची आरोळी ऐकू आली. मला वाटलं साप निघाला. आम्ही पळत गेलो तर तात्या टोपी हातात धरून वर बघत उभे होते. ज्या फांदीवर भाऊजींनी घाव घातले होते, तिच्या टोकांना मोहोर फुटला होता. त्या एकाच फांदीला. बाकी सगळं झाड जसंच्या तसं हिरवं.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली की साल कापली गेल्यामुळं त्या फांदीतली साखर खाली मुळांकडं जायची थांबली असेल, वरच साठली, तिचा मोहोर झाला असेल. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तात्या म्हणाले, "गेट बंद केलं म्हंजे! माल बाहेर न्हाय म्हणल्यावर आत शिजवावाच लागतो." आबा म्हणाले, "घाबरलं." भाऊजी म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळं आला." तिघंही खुश होते. मग भाऊजींच्या काहीतरी लक्षात आलं.

"पण ही एकच फांदी हाय. ठरलं होतं झाडाचं. एक काम करू, ही फांदी ठिवू, बाकीचं झाड तोडू."

"फांदी कशावर ठिवणार? हवेत?" आबांनी विचारलं.

"ते बघू."

तात्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "हे बघ, हप्ता आलाय. लहान हाय, उशिरा हाय, पण मुदतीत आलाय. हप्ता आल्यावर खातं थकीत धरत न्हाईत. गेल्या साली सोसायटीच्या मीटिंगमधी उभा राहून तूच बोल्ला व्हतास, मी पहिल्या रांगेत व्हतो. न्हाय म्हण."

भाऊजींना नाही म्हणता येईना, कारण ते खरंच तसं बोलले होते, स्वतःच्याच खात्याबद्दल, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग पत्र्याच्या मापाचा कागद त्यांनी खिशातून काढला आणि माझ्याकडं दिला. "वहिनी, हे ठेवा. दुसरी जागा बघू."

दुसरी जागा अजून ठरलेली नाही. ती ओळ माझ्या यादीत दर आठवड्याला नव्यानं येते. त्या फांदीच्या कैऱ्या मे महिन्यात भाऊजींनीच उतरवल्या, फवारणीचा कोट, हातमोजे आणि हेल्मेट घालून. देठ मोडला की चीक उडतो, म्हणून मुलीनं देठ लांब ठेवायला सांगितला होता. आबा खाली खुर्चीवर बसून "टेकव, नुसती टेकव," म्हणत होते. एक छोटी बरणी लोणचं झालं. त्यातलं अर्धं तात्यांकडं गेलं, जामिनातून मोकळं केल्याबद्दल. तात्यांनी लोणचं घेतलं, पण मोकळं व्हायला नकार दिला. ते अजून रोज सकाळी येतात.

ट्रॅक्टर आंब्याच्या सावलीत उभा असतो. वरून धूळ, पाखरांची घाण आणि चिकटा पडतो, म्हणून भाऊजींनी त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स टाकलाय. तो आतली बाजू वर करून टाका, असं मी सांगितलं होतं. पण छापील बाजूवरून पाणी चांगलं ओघळतं, असं त्यांचं म्हणणं. यंदा सगळ्या झाडाला मोहोर आहे. आबा सकाळी खुर्ची टाकून बसतात, मोहोराचा चिकटा बॉनेटवरच्या त्या गुलाबी चेहऱ्यावर थेंब थेंब पडतो, आणि नवीन येणारा पाहुणा आबांना हमखास विचारतो की हे कोण.

"जामीनदार रोज सकाळी हितं येतो, त्यो सोडून बाकी कुणीबी म्हणा," आबा सांगतात.